सुतावरून

मूडी स्ट्रीटच्या लाँड्रोमॅटमध्ये
एका अनोळखी बाईनं माझ्या हातात
चादरीची दोन टोकं दिली.
"धरा जरा. एकटीनं नीट घडी होत नाही."
ती तिकडून, मी इकडून,
मध्ये गरम कापूस, साबणाचा वास.
दोनदा जवळ आलो, दोनदा लांब गेलो.
मग म्हणाली, माझी आई अशीच बसायची,
समोर ल्युसील, मध्ये चौकट,
आणि चंद्रावर जायच्या कॉम्प्युटरची स्मरणशक्ती
दोघी मिळून विणायच्या.

मला वाटलं, थट्टा करतेय.

तार कडीतून नेली की एक,
कडीबाहेरून नेली की शून्य.
एवढंच व्याकरण.
भोकं पाडलेली पट्टी चौकट सरकवायची,
समोर येईल त्या छिद्रातून सुई पलीकडे,
एर्नेस्टीनकडून ल्युसीलकडे, ल्युसीलकडून एर्नेस्टीनकडे,
सकाळी सातपासून, पगार तासावर.
त्याआधी बारा वर्षं आईनं
वॉल्थमच्या घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या.
तो कारखाना बंद पडला. बोटं चालूच राहिली.
काय विणतोय ते दोघींना वाचता यायचं नाही.
एक टाका चुकला तर उसवायला आठवडे.
"स्वेटर असता," ल्युसील म्हणायची,
"तर चुकलेला नवऱ्याला घातला असता."

जुलैचा तो रविवार. दुपारचे चार वाजून गेलेले.
टीव्हीवर नुसते आवाज, आणि पुठ्ठ्याचं वाटावं असं यान.
बाप खुर्चीत, बनियनवर कलिंगडाचं पाणी.
उतरता उतरता मध्येच तो आकडा:
बारा शून्य दोन.
वरच्या माणसाच्या आवाजाला
इतका वेळ नव्हती अशी एक कड.

आईच्या हातातली बशी हातातच राहिली.
आकड्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.
तिला ठाऊक होता गेल्या हिवाळ्यातला एक गुरुवार,
थोरल्या रेमंडला सैन्याचं बोलावणं आलं तो.
डोळे भरलेले, सुई चालू.
आतून नेली, की बाहेरून?
दोरी तपासून झाली होती, वर शिक्का होता.
शिक्क्यानं पोटातला गोळा जात नाही.

फोन वाजला.
"ऐकतेस?"
"ऐकतेय."
पुढे दोघींपैकी कुणीच बोललं नाही.
दोन घरांतले दोन टीव्ही, एकच खरखर,
आणि पुन्हा तोच आकडा.
खालून कुणीतरी सांगितलं, चालू ठेवा.

फार वर्षांनी कळलं, बाई म्हणाली, उशीचा अभ्रा झटकत:
कॉम्प्युटरवर एकदम कामं पडली होती.
त्यानं बारीकसारीक सोडून दिली,
नडीची तेवढी पहिल्यापासून धरली.
काय सोडायचं आणि काय धरायचं
ते विणीतच होतं.
म्हणजे आईचं काही चुकलं नव्हतं.
तोवर ल्युसील वारली होती.

उतरले. बाहेर मोटारींचे हॉर्न.
आईनं कोरडी बशी पुन्हा पुसली.
ल्युसील फोनवर होतीच.
"उद्या सातला," ती म्हणाली,
"माझा चष्मा तुझ्या खणात राहिलाय."

आमच्याकडे म्हणतात, सुतावरून स्वर्ग गाठला,
कुणी उगाच तर्क लढवला की, टोमणा म्हणून.
मी तिला हे सांगायला गेलो.
इंग्रजीत त्यातला टोमणा गळला,
नुसतं सूत आणि स्वर्ग उरले.
"हो," ती म्हणाली, "पण सूत तांब्याचं होतं."

रेमंडचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
तिनंही तार तिथून वळसा घालून नेली.

शेवटची चादर इलास्टिकची.
तिची घडी कुणालाच जमत नाही.
चार कोपरे शोधले, तीन सापडले,
मग तशीच गुंडाळून टोपलीत कोंबली.